ध्रुवाच्या शेजारची जागा

आज आम्ही बोलणार आहोत दुर्बिणीबद्दल. बचत गटाच्या कार्यक्रमात दुर्बीण कुठून आली, असं वाटेल. आमच्या गटातल्या बायका शेतावर पाहुण्यांची सोय करतात. पिठलं-भाकरी, राहायला खोल्या आणि रात्री आकाशदर्शन. शहरात चांदणं दिसत नाही, म्हणून लोक येतात. त्यासाठी गटाने कर्ज काढून दुर्बीण घेतली आणि तिला कॅमेरा जोडला. पाहुणा जाताना ताऱ्यांचा फोटो घेऊन जातो. फोटो चांगला आला तर तो चार जणांना सांगतो, आणि आमचा हप्ता वेळेवर जातो.

फोटो चांगला येतो म्हणजे काय? तारा ठिपक्यासारखा दिसला पाहिजे, रेघोटीसारखा नाही. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतं, तासाला 15 अंश. म्हणजे अवघ्या 2 मिनिटांत आकाश चंद्राच्या रुंदीएवढं सरकतं. अंधुक गोष्टींचा फोटो काढायला कॅमेरा काही मिनिटं उघडा ठेवावा लागतो. तेवढा वेळ दुर्बिणीने ताऱ्यामागे फिरत राहायचं असतं. ते काम तिच्या खालचा मोटरचा माउंट करतो.

जात्याच्या मधोमध एक खिळा असतो. तो तिरका असेल तर जातं डुगडुगतं आणि पीठ सारखं पडत नाही. माउंटलाही असाच एक आस असतो. तो पृथ्वीच्या आसाला समांतर हवा, म्हणजे त्याचं टोक आकाशाच्या उत्तर ध्रुवबिंदूकडे हवं. तो जरा चुकला, की मोटर कितीही चांगली असो, तारा हळूहळू निसटतो.

दुर्बीण तिपाईवर ठेवली तर ही जुळवणी रोज नव्याने करावी लागते. त्यात तासभर जातो. बैठकीत एका काकूंनी विचारलं, "तिपाई असताना खांबावर पैसे कशाला?" त्यावर दुसऱ्या म्हणाल्या, "स्वयंपाक, जेवणं, भांडी झाल्यावर रोज तासभर कोण देणार? आणि शहरातून माणूस बोलवायचा, तर त्याचे पैसे प्रत्येक वेळी." मतं घेतली आणि खांब ठरला. पक्क्या खांबाची जुळवणी एकदा नीट केली, की रोज फक्त आच्छादन काढायचं.

जागा उत्तरेला मोकळी असलेली निवडली. आमच्याकडे काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून पाया खाली मुरमापर्यंत नेला. गवंडीदादांनी खांब ओळंब्यात उभा केला, वरची पट्टी पाणसळीने सपाट केली. आजूबाजूची फरशी खांबाला चिकटू दिली नाही, बोटभर फट ठेवली. नाहीतर पाहुण्यांच्या पावलांचा हादरा फोटोत उतरतो.

आता उत्तर शोधायची. होकायंत्र खांबाजवळ ठेवू नका, आतल्या सळया सुई ओढतात. आपल्या आजोबा-पणजोबांची रीत सोपी आहे. सपाट जमिनीवर सरळ काठी रोवायची आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं तिथे खूण करायची, दुपारनंतर पुन्हा शिवतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. तिला काटकोनात काढलेली रेघ उत्तर-दक्षिण. जुन्या ज्योतिषात या काठीला शंकू म्हणतात. हिवाळ्यात सावली लांब असते, तेव्हा हे छान जमतं. दिवसा दुर्बीण मात्र झाकलेली ठेवा. तिच्यातून सूर्याकडे बघितलं तर डोळा कायमचा जातो.

मग उंची. आपल्या गावाचा अक्षांश जितका, तितके अंश आस वर उचलायचा. पुण्याकडे साधारण साडेअठरा, नाशिकला 20, नागपूरला 21. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सवाई जयसिंहांनी बांधलेलं सम्राट यंत्र आहे. त्याच्या दगडी जिन्याचा उतार 27 अंशांचा, कारण जयपूरचा अक्षांश 27. तीच युक्ती, फक्त तिथे दगडात बांधलेली.

एवढं झाल्यावर वाटतं, ध्रुवतारा पकडला की संपलं. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात तो ध्रुव, अढळपद मिळालेला. उन्हाळ्याच्या संध्याकाळी सप्तर्षींचे पुढचे दोन तारे त्याची दिशा दाखवतात, हिवाळ्यात शर्मिष्ठा मदतीला असते. आपल्याकडे तो खालीच दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ सुमारे 10 अंशांची, म्हणजे क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. पण मैत्रिणींनो, ध्रुवही थोडा फिरतो. खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून चंद्राच्या रुंदीहून किंचित जास्त अंतरावर आहे, आणि त्या जागी डोळ्यांना दिसेल असा एकही तारा नाही. ध्रुवावरच आस रोखला तर दोन मिनिटांच्या फोटोतही रेघोटी येते.

मग रिकामी जागा नेमकी कशी सापडणार? दुसऱ्या ताऱ्यांकडे बघून. यात गणित नाही, नजर आणि धीर लागतो.

मृगातला बाण सगळ्यांना माहीत आहे. ते तीन तारे आकाशाच्या विषुववृत्ताजवळ आहेत, म्हणून या कामाला चांगले. डिसेंबरच्या मध्याला रात्री आठच्या सुमारास बाण पूर्वेला असतो. त्यातला एक तारा कॅमेऱ्याच्या मधोमध आणा आणि मोटर चालू ठेवून पाच मिनिटं बघा. तारा दक्षिणेकडे सरकला, तर आस खाली झुकलाय, थोडा वर उचला. उत्तरेकडे सरकला, तर आस जास्त वर आहे, खाली आणा.

मध्यरात्र उलटताना तोच बाण दक्षिणेला सर्वांत उंच येतो. पुन्हा तेच करा. आता तारा दक्षिणेकडे सरकला, तर आस पूर्वेकडे वळलाय, थोडा पश्चिमेला न्या. उत्तरेकडे सरकला, तर उलट. पूर्व-पश्चिम सरकणं सोडून द्या, ते मोटरच्या दात्यांमुळे होतं.

पडद्यावर दक्षिण कुठली हे कळत नसेल, तर दुर्बीण हळूच ध्रुवाच्या बाजूला ढकला. तारा ज्या कडेला जाईल ती दक्षिण.

एकदा उंची, एकदा दिशा, मग पुन्हा उंची. दर वेळी बोल्ट आधीपेक्षा थोडाच फिरवायचा. पंधरा मिनिटं तारा जागचा हलला नाही, की बोल्ट घट्ट करायचे आणि त्यानंतर पुन्हा एकदा बघायचं, कारण आवळताना आस किंचित सरकतो. आमच्या गटातल्या दोघी पडद्याजवळ बसल्या, एकीने पाना धरला, एक वहीत लिहीत होती. भजनाच्या जागरासारखी रात्र गेली.

ती वही गटाच्या हिशेबाच्या वह्यांसोबत ठेवली आहे. पावसाळ्यात दुर्बीण आणि माउंट काढून कोरड्या जागी ठेवतो, नाहीतर काचांवर बुरशी येते. खांब मात्र तिथेच असतो. दिवाळीनंतर सगळं पुन्हा चढवलं, की ताऱ्यावर तपासणी करतो. पायाची माती हलली असेल तर तारा ते सांगतो, आणि मग कुठला बोल्ट कुठे फिरवायचा ते वहीत आहे.

गटाचं यंत्र गटातल्या बाईला दुरुस्त करता आलं पाहिजे. पिठाची गिरणी असो, शेवयांचं यंत्र असो की दुर्बीण. कर्जावर सही आपली असते, तर पानाही आपल्या हातात हवा. जिचं शिक्षण सातवीपर्यंत झालं, तिनेच आमच्याकडे ताऱ्याचं सरकणं सर्वांत आधी ओळखलं. तिला शेवया उन्हात कधी उलटायच्या हे नजरेने कळतं, तीच नजर इथे कामाला आली.

तुमच्या गटाकडे दुर्बीण नसेल, तरी काठी आणि दोरी आहेच. येत्या बैठकीच्या दिवशी अंगणात वर्तुळ काढा आणि लेकींना उत्तर दाखवा. रात्री ध्रुव दाखवा आणि सांगा, त्याच्या शेजारी एक जागा आहे, ती दिसत नाही, पण सगळं आकाश तिच्याभोवती फिरतं.