ताप गेला, थकवा का जात नाही?

पावसाळा सरता सरता आम्हा डॉक्टरांना एक तक्रार हमखास ऐकू येते. "ताप जाऊन दोन महिने झाले, पण अंगात त्राणच नाही." सांगणारी बहुधा तिशी-चाळिशीतली बाई असते आणि तिला चिकुनगुन्या होऊन गेलेला असतो.

हा आजार आपल्याला नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली होती. पुढे तीसेक वर्षे तो फारसा दिसला नाही, २००५-०६ मध्ये परतला आणि २०२४ मध्ये पुणेकरांनीही त्याचा त्रास सोसला. ताप आठवडाभरात उतरतो, पण काहींचे सांधे महिनोन् महिने धरलेले राहतात. हे दुखणे रेंगाळण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळते.

मात्र थकव्याचा सगळा दोष चिकुनगुन्याला देण्याआधी मी एक प्रश्न विचारते, "पाळीच्या वेळी अंगावरून किती जातं?" उत्तर ठरलेले असते, "ते तर नेहमीचंच." खोदून विचारले की कळते, गर्भाशयात गाठी आहेत, पाळी आठ-आठ दिवस चालते, रात्री उठून पॅड बदलावे लागते. तापाच्या डॉक्टरांना हे सांगायचे तिला सुचत नाही आणि पाळीच्या डॉक्टरांपुढे ती तापाचा विषय काढत नाही. घरचे म्हणतात, "ताप तर कधीच गेला, आता कसली कुरकुर?"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईच्या शरीरातला लोहाचा साठा आधीच रिता झालेला असतो. त्यात तापाने जेवण तुटते. शिवाय संसर्गाच्या काळात शरीर उरलेसुरले लोहही अडवून ठेवते, ते रक्त तयार करायला मिळत नाही. मग तब्येत भरून यायची कशातून?

म्हणून तापानंतर महिनाभरातही थकवा हटला नाही, तर रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी तापानंतर काही काळ फसवी ठरू शकते. साठा कमी असूनही आकडा ठीक दिसतो, म्हणून नुकताच ताप येऊन गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. थायरॉइडही तपासावा. तो मंदावला असेल तर थकवाही येतो आणि पाळीही जास्त जाते.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. हिमोग्लोबिन सुधारले तरी साठा भरण्यासाठी ती आणखी तीनेक महिने चालू ठेवावी लागते. अर्थात मूळ रक्तस्रावावर उपचार हवेतच, नाहीतर गळक्या माठात पाणी भरण्यासारखे होईल. 'पिशवी काढून टाका' हा काही पहिला उपाय नव्हे. गोळ्या आणि गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन यांनी पुष्कळ जणींचे भागते.

सकाळी सांधे आखडत असतील, सूज तीन महिन्यांनंतरही उतरत नसेल, तर संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवा. तो त्रास नुसते लोह घेऊन जाणार नाही.

आणखी एक सावधगिरी. पाळीत पोट दुखते म्हणून मेफेनॅमिक अॅसिडच्या गोळ्या अनेक घरांत असतात. ताप आला, अंग मोडून आले की हात त्याच गोळीकडे जातो. पण सुरुवातीला डेंगी आणि चिकुनगुन्या सारखेच दिसतात आणि डेंगीत अशा वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंगी नाही अशी खात्री होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्या, तेही ठरलेल्या मात्रेत. तापात पाळी आली तर डॉक्टरांना सांगा. तासा-तासाला पॅड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.

मैत्रिणींनो, एका वहीत तापाची तारीख, पाळीचे दिवस आणि रोज लागलेले पॅड लिहून ठेवा. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ती वही बरोबर न्या. आणि घरच्या मंडळींना एवढीच विनंती, ती थकले म्हणाली तर तिला आळशी ठरवण्याआधी तिचे रक्त तपासून आणा.