मुक्या सोबत्याचे स्मारक



इंग्रज कवी लॉर्ड बायरन यांचा 'बोटस्वेन' हा न्यूफाउंडलंड जातीचा श्वान नोव्हेंबर १८०८ मध्ये न्यूस्टेड अॅबी येथे रेबीजने मृत्यू पावला. आजारात त्याच्या मुखातील लाळ बायरन उघड्या हातांनी पुसत असत. स्वतः कर्जात बुडालेले असूनही त्यांनी त्याचे भव्य स्मारक उभारले. हा खर्च कोणता जमाखर्चनीस कोणत्या खात्यावर मांडणार? १८११ च्या मृत्युपत्रात आपले दफनही तेथेच व्हावे, अशी इच्छा त्यांनी नोंदविली. परंतु १८१७ साली ती वास्तूच विकली गेली. १८२४ मध्ये ग्रीसमध्ये निवर्तलेल्या बायरन यांना हकनॉलच्या चर्चमधील कौटुंबिक दफनघरात विसावा मिळाला. न्यूस्टेडचे स्मारक बोटस्वेनच्याच नावाने उभे आहे.