भूमीच्या उबेचे आयुष्य



विहीर खणणाऱ्याला जुनीजाणती माणसे आधी झऱ्याविषयी विचारीत, खोलीविषयी नंतर. युरोपातील थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी जमिनीत बोअर घेऊन जी विवरे पाडली जातात, त्यांच्याबाबतही हाच प्रश्न निर्णायक ठरतो. फरक इतकाच की, तेथे पाण्याऐवजी उष्णता उपसली जाते.

रचना साधी आहे. शंभर-दीडशे मीटर खोल विवरात पॉलिएथिलीनची नळी इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकारात सोडतात आणि भोवतीची पोकळी बेंटोनाइट व सिमेंट यांच्या मिश्रणाने भरून काढतात. नळीतून फिरणारा द्रव भूगर्भातील ऊब घेऊन वर येतो. उष्णता-पंप विजेच्या साहाय्याने त्या उबेचे तापमान वाढवितो आणि ती घराला पुरवितो. फ्रिजचेच हे तत्त्व. जमिनीतील उष्णता अशा रीतीने वापरण्याचे पेटंट एका स्विस अभियंत्याने, हाइनरिश झोएली यांनी, १९१२ मध्ये घेतले होते.

अशी विवरे किती काळ टिकतात? पंपाचे यंत्र साधारणतः वीस-पंचवीस वर्षांनी बदलावे लागते. नळीचे आयुर्मान मात्र पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक मानले जाते. म्हणजे एकाच विवरावर यंत्रांच्या दोन-तीन पिढ्या नांदू शकतात. परंतु नळी शाबूत आहे म्हणून ऊब मिळत राहीलच, असे नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

झुरिचनजीकच्या एल्ग गावात १९८६ मध्ये बसविलेल्या १०५ मीटर खोल विवराचा शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ अभ्यास केला. प्रारंभीच्या काही वर्षांत भोवतालच्या खडकाचे तापमान एक-दोन अंशांनी उतरले. पुढे घसरण मंदावत गेली आणि भूमीने नवा समतोल साधला. जितकी वर्षे उष्णता काढावी, जवळजवळ तितकीच वर्षे भूमीला पूर्ववत होण्यास लागतात, असे गणिती प्रतिमानांतून दिसून आले. एकट्या घराला भूमी पुरून उरते. मात्र दाटीवाटीने विवरे घेतली, तर शेजारी शेजाऱ्याची ऊब ओढतो आणि जमीन थंड होत जाते. यावर उपायही आहे. उन्हाळ्यात इमारतींतील नकोशी उष्णता त्याच विवरांतून जमिनीत परत सोडायची. झुरिचच्या तंत्रविद्यापीठाने आपल्या हॉंगरबर्ग परिसरात हाच मार्ग अवलंबिला.

घाईचे मोल काय असते, हे जर्मनीतील श्टाउफेन गावाने दाखविले. २००७ मध्ये तेथील नगरगृहासाठी सुमारे १४० मीटर खोल सात विवरे घेण्यात आली. त्यांच्या वाटे भूजल अॅनहायड्राइटच्या थरात शिरले, त्याचे जिप्सम होऊ लागले आणि जमीन फुगली. दोनशेहून अधिक इमारतींना तडे गेले. पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली घरे काही आठवड्यांच्या कामाने दुभंगली.

तेव्हा विवराचे आयुष्य केवळ नळीच्या हमीपत्रावर मोजता येत नाही. खोदण्यापूर्वी खडकाची पारख, खोदताना पोकळीची निर्दोष भरणी आणि खोदल्यानंतर उपशाला मर्यादा, या तिहींवर ते अवलंबून असते. आज विवर घेणारा ज्या भूमीला हात घालतो, तिची ऊब त्याच्या नातवंडांनाही लागणार आहे. घेतलेले परत करण्याचा हिशेब ज्याने ठेवला, त्याचेच विवर दीर्घायुषी ठरते.