छातीत दुखत नाही, म्हणून काय झालं?



अध्यक्षांनी हृदयरोपणाच्या विषयाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. मी तो थोडक्यात उरकतो, कारण एक गोष्ट फार वर्षं मनात साठली आहे.

डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनला बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदयरोपण केलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईत आपल्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी तेच धाडस केलं. रुग्ण काही तासच जगला. १९९४ मध्ये अवयवरोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांना हृदयरोपणात यश आलं. आता पुण्याहून मुंबईला हृदय निघालं की रस्ते मोकळे होतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो.

आणि पाच वर्षांनी त्याच रुग्णाच्या केसपेपरवर काय लिहिलेलं असतं? ‘छातीत दुखत नाही. तब्येत उत्तम.’ हे वाचलं की माझा संताप होतो. रोपणात हृदयाचे मज्जातंतू कापले जातात. पुढे काहींचे थोडेफार जुळतात, पण त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. मग ते हृदय दुखणं सांगणार कसं? इकडे कोरोनरी धमन्यांचं अस्तर चहूबाजूंनी, लांबच्या लांब जाड होत जातं. दहा वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांना हा आजार गाठतो. अँजिओग्राफीत धमनीची पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. सगळीकडून सारखीच अरुंद झालेली धमनी तिथे ‘नॉर्मल’ म्हणून खपून जाते.

माझ्याकडे एक शिक्षक आले होते. शाळेचा एक जिना चढताना धाप लागत होती. पिशवीत दुसरीकडचे रिपोर्ट नीट तारखेवार लावलेले, आणि प्रत्येकावर हीच ओळ. आम्ही धमनीत अल्ट्रासाउंडची तार घातली. पडद्यावर मधोमध छोटी काळी पोकळी आणि भोवती राखाडी, जाड कडं. शेजारचा रजिस्ट्रार मोजायचं विसरून नुसता बघत राहिला. औषधं बदलली, पण वेळ निघून गेली होती. त्यांना दुसरं हृदय मिळालं नाही.

हा आजार वेळेवर ओळखायचा कसा, यावर सकाळच्या सत्रात रक्तातल्या प्रोजेनिटर, म्हणजे धमन्यांचं अस्तर घडवणाऱ्या, पेशींवरून खडाजंगी झाली. १९९७ मध्ये असाहारा यांनी या पेशी दाखवल्या, तेव्हा आपण सगळेच हरखलो होतो. धमन्यांचा हा आजार झालेल्या रुग्णांच्या रक्तात त्या कमी असतात, असंही पुढे दिसलं. मग कळलं की आपण मोजत होतो त्यांतल्या बऱ्याच पेशी अस्तराच्या नव्हेतच, रक्ताच्याच वंशातल्या आहेत. एक बाजू म्हणते, आजार ओळखायला या पेशी मोजणाऱ्या नुसत्या रक्ततपासणीवर भागेल. दुसरी म्हणते, हे सगळंच सोडून द्या. माझ्या विभागात एका रुग्णाच्या या पेशींचा आकडा एकदा भलताच वाढून आला. तंत्रज्ञ बाईंनी सहज चौकशी केली, तर बस चुकली म्हणून गृहस्थ स्टेशनपासून झपाझप चालत आले होते. व्यायामाने या पेशी रक्तात उतरतात, स्टॅटिननेही वाढतात. म्हणजे नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही, म्हणून माझ्यापुरता वाद मिटलेला आहे. रोपलेल्या हृदयाच्या अस्तराची डागडुजी रुग्णाच्या स्वतःच्या पेशीही करतात, हे या संशोधनाने शिकवलं. त्यासाठी ते जरूर चालू ठेवा. पण त्या आकड्याच्या आडोशाने भिंत बघायचं टाळू नका.

पुढची कामं पुष्कळ आहेत. रोपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत एकदा आणि वर्षाअखेरीस एकदा धमनीची भिंत मोजावी. वर्षभरात जाडी अर्धा मिलिमीटर वाढली तर तो धोक्याचा इशारा समजावा. राज्यातल्या रोपण रुग्णांची एक सामायिक नोंदवही हवी, रक्ताचे नमुने जपून ठेवायला हवेत. खर्चाचं काय, हे सरकारशी बोलावं लागेल. समिती नेमू, तपशील बसून ठरवू.

एक काम मात्र समितीवाचून होण्यासारखं आहे. उद्या ओपीडीत बसाल तेव्हा रोपणाच्या केसपेपरवरची ‘छातीत दुखत नाही’ ही ओळ खोडा. तिच्या जागी लिहा : किती मजले चढल्यावर धाप लागते, आणि धमनीची भिंत शेवटची कधी पाहिली. दुसऱ्या प्रश्नापुढची जागा कोरी राहिली, तर ‘तब्येत उत्तम’ लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही.