दुष्काळातील धैर्य
(मदत कमिटीच्या सभेत झालेले भाषण)



कमिटीचा जमाखर्च आपणांपुढे आताच वाचून दाखविण्यात आला. शिल्लक किती अल्प आहे हे आपण ऐकलेच. पुढील पावसापर्यंत अन्नछत्र व जनावरांची छावणी चालविण्यास ती पुरणार नाही. म्हणून गेल्या बैठकीत काही मंडळींनी सुचविले की, पुरेसा पैसा हाती येईपर्यंत नवी माणसे घेऊ नयेत. ही सूचना भित्रेपणाची नव्हे, हिशेबी मनुष्याची आहे. तिचा विचार करताना आम्हांस केडगावच्या पंडिता रमाबाईंची आठवण होते.

रमाबाईंस दुष्काळ ग्रंथांतून कळला नव्हता. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात अन्नान्नदशा होऊन त्यांचे आईबाप व थोरली बहीण मरण पावली. पाणी, झाडपाला व मूठभर रानटी खजूर यांवर या कुटुंबाने अकरा दिवस काढल्याचे त्यांनीच पुढे लिहून ठेविले. अशा स्त्रीस १८९६-९७ साली मध्य प्रांतातील तोच देखावा पुन्हा पाहावयास जाणे किती जड गेले असेल! पैशाची बाजूही लंगडीच होती. शारदा सदनास अमेरिकेतील साह्यकर्त्यांनी दहा वर्षांचे अभिवचन दिले होते व ती मुदत संपत आली होती. शिवाय ते साह्य विधवांच्या शिक्षणासाठी होते, दुष्काळपीडितांसाठी नव्हे. तरी प्रार्थना करून त्या निघाल्या आणि मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचा कहर होता, तेथे इतक्या मुली ठेवणे शक्य होईना. तेव्हा केडगावच्या शेतात छपरे उभारून त्यांची सोय लाविली. मुक्ति सदनाचा आरंभ हा असा झाला. त्या दुष्काळाअखेर सुमारे तीनशे मुली आल्या. १९०० साली गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एक गोष्ट मात्र आम्ही झाकून ठेवीत नाही. आणलेल्या मुलींपैकी कित्येक वाचल्या नाहीत. उपवासाने खंगलेली शरीरे अन्न मिळूनही सावरत ना. विश्वास ठेविला म्हणजे मृत्यू दारातून परत फिरतो, असे रमाबाईंनी मानले नाही, व आम्हीही मानीत नाही. ज्या प्रभूवर त्यांनी भाव ठेविला, तो स्वतः रानात उपाशी राहिला होता व क्रुसावर तहानेला होता. त्याचा हात धरून चालणारास मार्ग सोपा मिळत नाही, सोबत मिळते. आणि प्रार्थनेबरोबर त्यांनी विहिरी खणविल्या, शेती केली, मुलींच्या हाती हातमाग दिला. हे विसरून केवळ त्यांच्या भक्तीचे गोडवे गाणे आम्हांस रुचत नाही.

शास्त्रातील सारफथच्या विधवेचेही असेच आहे. तिच्या मडक्यात एका वेळचे पीठ होते. त्यातून प्रथम परक्यास भाकर करून द्यावयाची होती. मडके काठोकाठ भरल्याचे कोठेही सांगितलेले नाही. पीठ सरले नाही, एवढेच सांगितले आहे. ती रोज तळाशीच हात घालीत असेल.

आता एक आक्षेप. भुकेल्यास घास देऊन त्याचा धर्म घेतात, असा आरोप रमाबाईंवर त्यांच्या हयातीत झाला व अशा कार्यांवर आजही होतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा आमची वहीच पाहावी. तीत नाव, गाव व घरातील माणसे एवढेच लिहिले जाते; जात व धर्म यांचा रकाना तीत नाही व ठेवला जाणारही नाही.

कमिटीचा निर्णय असा की, येत्या सोमवारपासून नवी माणसे घ्यावयाची. पंगतीस ताट कमी पडल्यास प्रथम आम्हां सभासदांचे उचलले जाईल. यास सर्वांनी संमती दिली आहे, सूचना करणाऱ्या मंडळींनीही.

ज्वारी, बाजरी, डाळ, कडबा किंवा रोख रक्कम रविवारी उपासनेनंतर मंदिराच्या ओसरीवर स्वीकारली जाईल व पावती लगेच मिळेल. रिकामी पोती परत हवी असल्यास त्यांवर नाव घालावे.