छायाचित्रामागचे गणित





आखाती देशात नोकरीला असलेला मुलगा घरी फोटो पाठवतो आणि क्षणात तो कोकणातल्या अम्मीच्या मोबाइलवर उमटतो. आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. परंतु हे घडते कसे, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी स्वतःला विचारला आहे? डिजिटल माध्यमांचा अभ्यास या प्रश्नापासूनच सुरू होतो.

साधा हिशेब करू. लांबी-रुंदीत हजार-हजार ठिपक्यांच्या रंगीत चित्रात एकूण दहा लक्ष ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवण्यास तीन बाइट धरले, तर एका चित्राला तीस लक्ष बाइट लागतात. चलच्चित्रात अशी पंचवीस-तीस चित्रे दर सेकंदाला धावतात. एवढा बोजा जसाच्या तसा वाहून नेणे अशक्यप्राय होते. तो हलका करण्याची एक युक्ती ज्या गृहस्थांनी शोधली, त्यांची ओळख आज मला करून द्यायची आहे.

त्यांचे नाव डॉ. नासिर अहमद. जन्म 1940 साली, बंगळूर येथे. तेथेच 1961 मध्ये त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठातून 1966 मध्ये डॉक्टरेट मिळवली. कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करीत असताना, 1972 मध्ये, त्यांनी एका संशोधनासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले. अर्ज नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा अभिप्राय होता!

त्यांनी काम सोडले नाही. आपला विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र प्रा. के. आर. राव यांच्या साथीने ते पूर्ण केले. जानेवारी 1974 मध्ये त्यांचा लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे त्या पद्धतीचे नाव. यातील कोसाइन म्हणजे आपल्याला शाळेच्या त्रिकोणमितीत भेटणारेच कोसाइन.

चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील 64 आकडे कोसाइन लहरींच्या भाषेत मांडले, की बहुतेक महत्त्वाची माहिती थोड्या आकड्यांत गोळा होते. उरलेले आकडे अगदी क्षुल्लक असतात. अतिसूक्ष्म बारकावे आपल्या डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत, म्हणून तेवढे गाळता येतात. चित्राचा भार अनेकदा एक दशांशावर येतो आणि पाहणाऱ्याला फरक कळतही नाही. खरे वाटत नसेल, तर अनेकदा इकडून तिकडे फिरलेला एखादा फोटो खूप मोठा करून पाहा. तेच चौकोन तुम्हाला पुसट दिसू लागतील.

1992 मध्ये जेपेग हे छायाचित्रांचे मानक निश्चित झाले, ते याच गणितावर. म्हणजे निबंध आणि जेपेग यांत अठरा वर्षांचे अंतर! पुढे 2003 साली आलेल्या एच.264 या व्हिडिओ मानकातही याच गणिताचे सुधारित रूप आहे. कॅमेरे बदलले, फिल्म गेली, मोबाइल आला. पायातील दगड मात्र तोच राहिला.

विद्यार्थी मित्रांनो, नवीन काय आले याची यादी करणे म्हणजे संशोधन नव्हे. हातातील एक वस्तू घ्या आणि मागे मागे जा. ही कोणत्या अडचणीतून जन्मली? तिच्या पोटात कोणते तत्त्व आहे? त्यात काय राखले आणि काय गाळले? या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहीत गेलात, तर उद्याचा कलही तुम्हाला ओळखता येईल.

पालकांना एक नम्र विनंती. मुलाला सहा महिन्यांचा संगणक अभ्यासक्रम जरूर द्या. घर चालवण्यासाठी त्याचीही गरज असते. पण तो किंवा आपली मुलगी गणितात रमली, तर “याचा नोकरीला उपयोग काय?” म्हणून तिचे पुस्तक मिटवू नका. मोबाइल हप्त्यावर मिळतो, गणिताची गोडी हप्त्यावर मिळत नाही. दुसऱ्यांनी बनवलेली साधने वापरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ती घडवणारेही आपल्या घरांतून निघावेत, एवढीच अल्लाहपाशी दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.