गाडीत टेप बसवताना



आज बोलूया गाडीतल्या टेपविषयी. हा विषय बायकांचा कसा, असं कुणी म्हणेल. पण गटाच्या कर्जातून घेतलेला टेम्पो सकाळी दूध भरून उभा असतो आणि चावी फिरवली की नुसता कर्रकर्र करतो, तेव्हा नासलेल्या दुधाचा हिशेब आपल्यालाच मांडावा लागतो. रात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं असेल, तर जिवाशीच गाठ.

अशा वेळी दोष बॅटरीला दिला जातो. नवी आणली, तरी तीही उतरते. कारण कधी कधी खोड असते घाईत बसवलेल्या टेपमध्ये.

टेपला विजेच्या मुख्य वायरी तीन. बहुतेक टेपमध्ये पिवळी वायर कायम वीज घेते. घड्याळ आणि लावलेली स्टेशनं तिच्यामुळे टिकतात. लाल वायरीला चावी फिरवल्यावरच वीज मिळायला हवी. काळी अर्थिंगची. काही जण लाल आणि पिवळी एकत्र पिळून टाकतात. मग चावी काढली तरी वीज झिरपत राहते, घागरीला बारीक भोक पडावं तशी. समजा, अर्धा अँपिअर झिरपतो. दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी. गाडी तर त्याआधीच बंद पडते.

दुसरी खोड फ्यूजची. फ्यूज सारखा जातो म्हणून तिथे तार किंवा चंदेरी कागद घालतात. बायांनो, फ्यूज हा राखणदार आहे. तो जातो, म्हणजे आत कुठेतरी बिघाड आहे. राखणदार काढला की वायर तापते, वितळते आणि गाडी पेटू शकते.

तिसरी खोड जोडांची. नुसत्या पिळलेल्या वायरीवरची चिकटपट्टी उन्हानं सुटते, खड्ड्यांच्या हादऱ्यानं जोड उघडा पडतो. तो पत्र्याला लागला की ठिणगी.

म्हणून मिस्त्रीला आधीच सांगा: मूळ वायरी कापू नका, गाडीला जुळणारा कप्लर वापरा. अर्थिंग रंग नसलेल्या, स्वच्छ पत्र्यावर घट्ट करा. बॅटरीवरून वेगळी वायर ओढली, तर तिचा फ्यूज बॅटरीजवळच हवा, आणि पत्र्याच्या भोकात रबरी बूच हवं.

पैसे देण्याआधी चावी काढून बघा, टेप पूर्ण बंद होतो का. दारं लावून, थोडं थांबून मीटरनं मोजायला लावा. साधारण ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त वीज जात असेल, तर काम पुरं झालेलं नाही. बिल मागा, गटाच्या वहीत तारीख लिहा.

आणि चालत्या गाडीत जळका वास आला, तर आधी गाडी थांबवा, चावी काढा, माणसं उतरवा. मालाचं नंतर बघू.

गाणी ऐकायलाच हवीत, मैत्रिणींनो. फक्त गाडीही चालती राहू दे.